डाव्या बाजूचं दार

आमच्या घरी एक गोष्ट बाबा न विचारता सांगत. पाहुणे आले, चहा झाला आणि अंगणातल्या शेडमधल्या लाल गाडीकडे कुणाची नजर गेली की ती सुरू व्हायची. आई आणि ते जळगाव जामोदहून, म्हणजे माझ्या आजोळाहून, परत येत होते. नांदुरा मागे पडलं, वडनेर भोलजीही गेलं. पुढे एका नाल्याच्या पुलापाशी रस्ता उखडलेला होता. चाक खड्ड्यात गेलं, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि आई बाहेर पडली. "गाडीचं दार नीट लावायचं असतं, एवढंही या बाईला माहीत नव्हतं," असं म्हणून बाबा हसायचे. पाहुणेही हसायचे. आई कधी तिथेच असायची, कधी आत स्वयंपाकघरात. ती काही बोलायची नाही.

त्या पडण्यात तिचा डावा कोपर मोडला. हाड जुळलं, पण हात पुन्हा सरळ झाला नाही. मी तेव्हा चौथीत होतो. तिला हात मागे नेता येत नसे, म्हणून शाळेत जायच्या आधी तिची वेणी मी घालून द्यायचो. भाकरी ती एकाच हातानं थापायची, त्यामुळे ती एका अंगाला जाड राहायची आणि बाबा तेवढा भाग तोडून ताटाच्या कडेला ठेवायचे. तेही न बोलता, रोज.

बाबा मलकापूरच्या कोर्टात वकील होते. गाडी त्यांनी एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकाकडून घेतली होती. विलायती, दोनच माणसांची, वर छप्पर नसलेली, बसकी स्पोर्ट्स कार. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. कोर्टात ते गाडीनं जात आणि आम्ही दोघं भाऊ सायकलनं शाळेत. बाबांना घरात शुद्ध बोललेलं लागे. आईच्या तोंडून पाहुण्यांसमोर 'मले' किंवा 'तुले' निघालं की ते तिच्याकडे नुसतं बघत. पुढे पुढे ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली.

दादा हुशार निघाला. इंजिनिअर झाला, पुण्यात गेला, तिथेच घर केलं. मी बारावीला आपटलो आणि मोताळ्यात येऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप टाकलं. बाबा लोकांना सांगत, "मोठा पुण्याला इंजिनिअर आहे. धाकटा मोताळ्याला असतो." मोताळ्याला मी काय करतो, हे ते सांगत नसत.

काही वर्षांपूर्वी आई गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. ऐंशी पार केलेल्या बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दादाचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, वहिनीची नोकरी, तेव्हा बाबा आमच्याकडे आले. मलकापूरचं घर रिकामं करायचं ठरलं, आणि शेडमधली ती गाडी, जी वीसेक वर्षं ताडपत्रीखाली होती, मी माझ्याच एका ट्रॉलीवर चढवून मोताळ्याला आणली.

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत वर्कशॉपमध्ये आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ट्रॉल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडीपाशी उभे राहून म्हणाले, "हिला पूर्वीसारखी कर. एवढं वेल्डिंग करतोस ना? मग हे कर."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पन्नाशीच्या माणसाला होऊ नये एवढा झाला. मी लगेच कामाला लागलो.

माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये एक चाचा आहेत. मोताळ्याचेच. आधी अकोल्याला ट्रकच्या बॉड्या बांधायचे, नंतर माझ्याकडे आले आणि राहिले. चाकं काढायची म्हणून आम्ही गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावला. चाचा दांडा मारत होते, मी समोर उभा होतो. चाक जमिनीवरून सुटलं आणि खट् आवाज झाला. डाव्या बाजूचं दार उघडलं आणि सावकाश बाहेर आलं.

चाचा म्हणाले, "हे पाह्य भाऊ, म्या त हातबी नाही लावला. काऊन उघडलं हे?"

मी दार लावलं. जॅक खाली घेतला, तेव्हा ते लागलेलंच राहिलं. पुन्हा वर घेतला, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा मी दार खांद्यानं दाबून, कुलपाची जीभ पूर्ण बसलीय याची खात्री करून लावलं. तरी उघडलं.

ते का उघडलं, हे कळायला मला वेळ लागला नाही. बुटाच्या खोक्याला झाकण असेल तर तो हातात पिळला जात नाही; झाकण काढलं की पिळतो. गाडीचंही तसंच. छप्पर असलं की तेही थोडा ताण घेतं. बिनछपराच्या गाडीत सगळा ताण खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर येतो. चेसिस ढिली असेल तर एक चाक वर उचललं की अख्खी गाडी पिळते, दाराची चौकट वाकडी होते आणि कुलूप आपल्या खाचेतून निसटतं. एक चाक वर उचलणं म्हणजे दुसरं चाक खड्ड्यात जाण्यासारखंच.

चाचांना आमच्या घरची गोष्ट माहीत नव्हती. मी त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि त्या दारापाशी बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही बॉडीचे बोल्ट कापून ती चेसिसवरून उचलली आणि बाजूला लाकडांवर ठेवली. खाली राहिली नुसती शिडी: दोन लांब सी-चॅनल आणि मध्ये आडव्या पट्ट्या. तारेच्या ब्रशनं माती आणि गंज काढत मी डाव्या चॅनलवर आलो. बसायच्या जागेच्या जरा पुढे, बरोबर दाराखाली, एक पट्टी लागली. कारखान्यातली नव्हे. हातानं कापलेली, गॅस वेल्डिंगनं बसवलेली, आणि वरून गाडीच्याच लाल रंगाचा हात दिलेला. ग्राइंडरनं मी ती पट्टी काढली. खाली चॅनल वरपासून खालपर्यंत चिरलेलं होतं. दोन तुकडे नुसते त्या पट्टीच्या आधारानं इतकी वर्षं एकमेकांना धरून होते.

दुपारी बाबा आले. त्यांची खुर्ची आता दारात कायमची ठेवलेली असायची. मी विचारलं, "बाबा, ही पट्टी कधी मारली?"

त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "ती? त्याच वर्षी. खामगावला एक मेकॅनिक होता, त्यानं मारली."

"कोणत्या वर्षी?"

"तुझी आई पडली त्या वर्षी."

"म्हणजे चेसिस तुटलीय हे तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"मेकॅनिक म्हणाला, तुटलीय. मी म्हटलं, जोड."

"मग दार त्यामुळे उघडलं ना? आईनं दार लावलं होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार नको तिकडे जायला लागला की वकील पाहतात तसं. "लावलं असेल, नसेलही. ते आता कोण सांगणार?"

"पण तुम्ही सगळ्यांना सांगत होता—"

"मग काय सांगायला हवं होतं मी?" त्यांचा आवाज चढला. "सासुरवाडीच्या लोकांना सांगू, की तुमच्या मुलीला मी मोडक्या गाडीतून हिंडवतो? कोर्टात लोक हसले असते मला. आणि तिनं कधी तक्रार केली का? एकदा तरी? मग तुला काय झालं?"

एवढं बोलून त्यांनी काठी उचलली आणि घरी गेले. रात्री जेवायला बसले तेव्हा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

बायकोला मी सगळं सांगितलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते आणि सासूला आत्या. ती ओट्यापाशी उभी होती. गॅस बंद करून वळली. "मामाजीले माहीत होतं?"

"हो."

"अन् तरी जिंदगीभर हसत राह्यले त्या बाईले?" तिनं ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "आत्या मरेपर्यंत म्हणत होत्या, मी येंधळीच आहे, मले काहीच जमत नाही. मले वाटे, असं काऊन म्हणतात ह्या? तुम्ही ते गाडी भंगारात देऊन टाका."

मलाही तेच करावंसं वाटत होतं. काही आठवडे मी चेसिसला हात लावला नाही. ती वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी उभी टेकवून ठेवली आणि ट्रॉल्यांचं काम केलं. बाबा रोज येऊन खुर्चीवर बसायचे आणि विचारायचे, "थांबलंय का काम?" मी म्हणायचो, "माल यायचाय."

शेवटी चाचाच एक दिवस म्हणाले, "भाऊ, भंगारात टाकायची त टाका, बनवायची त बनवा. पण अशी अर्धी खोलून नका ठेवू. रोज तुमचं तोंड पाहून मलेच पाणी गोड नाही लागत."

त्यांना तोवर मी सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "चाचा, बनवू. पण मूळची होती तशी नाही. अशी बनवू की दार परत कधी उघडणार नाही."

का ठरवलं तसं, मला नीट सांगता येणार नाही. बाबांसाठी तर नक्कीच नाही. आईला आता त्या दाराचा काही उपयोग नव्हता. पण माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मला येत होतं.

आधी चेसिस किती पिळते ते पाहायचं होतं. चिरलेल्या जागी वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले. मागची बाजू लोखंडी घोड्यांना, म्हणजे स्टँडना, आवळून बांधली, पुढच्या बाजूवर एक लांब पाइप आडवा बांधला आणि त्याच्या एका टोकाला सोयाबीनचं पोतं टांगलं. पुढचा एक कोपरा माझ्या अंगठ्याच्या लांबीएवढा खाली गेला. चाचांनी कान पकडले. "ह्या गाडीत लोक बसत होते?"

मग काम. चिरलेला भाग पूर्ण कापून त्या जागी तेवढ्याच जाडीचं नवं चॅनल बसवलं. सी-चॅनलची एक बाजू उघडी असते, म्हणून ते पिळतं. ती उघडी बाजू आम्ही जाड पट्टीनं बंद करायची ठरवली, म्हणजे चॅनलची बंद पेटी होते. चाचा म्हणाले, पाणी साचून आतून सडेल. म्हणून खालून थोड्या थोड्या अंतरावर भोकं ठेवली. मधल्या साध्या आडव्या पट्टीऐवजी फुलीच्या आकारात दोन पाइप टाकायचे, त्यांच्या टोकांना त्रिकोणी पत्रे, आणि दाराच्या उंबऱ्याखाली आतून आणखी एक पेटी.

उजवं चॅनल मी एका दिवसात सलग वेल्डिंग करून बंद केलं. घाई झाली होती मला. सकाळी सुतळी लावून पाहिलं तर अख्खं चॅनल केळीसारखं वाकलेलं. ट्रॉलीत एवढं वाकलेलं चालतं, म्हणून हाताला तशी सवय झाली होती. इथे चालणार नव्हतं. केलेलं सगळं कापून काढलं. पट्टी नवी आणली. मग चाचा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, बोटभर टाका घालायचा, सोडायचा, लांब दुसरीकडे जायचं, पहिला गार होऊ द्यायचा. असं करत करत दोन्ही चॅनल बंद झाली. रोज कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी लावून दोन्ही कर्ण मोजायचे. कधी एक जरासा मोठा निघायचा. मग जॅकनं दाबून परत जागेवर.

हे चाललेलं असताना बाबा खुर्चीवर बसून कधी पेपर वाचायचे, कधी बघायचे. एकदा म्हणाले, "एवढं जड कशाला करतोस? पळणार नाही ती."

मी म्हटलं, "पळायला नाही करत."

सगळं झाल्यावर पुन्हा पोतं टांगलं. कोपरा नखाएवढा हलला असेल. चाचांनी शेजारच्या गोदामातून दुसरं पोतं आणून तेही टांगलं आणि पाइपवर स्वतः लटकले. पाइप वाकला. चेसिस नाही वाकली.

बॉडी पुन्हा बसवली, इंजिनाचं काम मलकापूरच्या एका माणसाकडून झालं, रंग लाल दिला. शेवटी मी मागच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावला आणि चाक पार हवेत नेलं. दार लागलेलंच राहिलं. उघडून पुन्हा लावून पाहिलं, तसंच अलगद लागलं. मी ते किती वेळा केलं कुणास ठाऊक. बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "पुरे आता."

पहिली चक्कर मारायची त्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. मी गाडी काढली आणि बायकोला म्हटलं, "बस." ती बाबांकडे पाहून थबकली. मी पुन्हा म्हटलं, "बस ना." ती डाव्या बाजूला बसली. आम्ही बुलढाण्याकडे निघालो. मोताळ्यातून बाहेर पडेपर्यंत लोक बघत होते. बायकोनं पदर डोक्यावरून गळ्याशी घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं दाराची कडा पकडली होती.

"धरू नको," मी म्हटलं.

"सवय नाही मले."

राजूर घाट लागला. एका वळणावर रस्ता खचलेला होता, तिथे मी मुद्दाम चाक घातलं. गाडीला दणका बसला, काच थरथरली नाही की काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दाराचा हात सोडला आणि मांडीवर ठेवला. घाट चढून वर देवीच्या मंदिरापाशी आम्ही थांबलो. खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख, उन्हात पांढुरका. ती म्हणाली, "आत्याले एकदा बसवलं असतं न, त..." चहा घेऊन परत आलो.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर मारून आणलं. परत येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "स्टिअरिंग जड झालंय."

दिवाळीत दादा आला, वहिनीसह. गाडी पाहून तो खरोखर खूश झाला. चारी बाजूंनी फोटो काढले, मला मिठी मारली, "तू कमाल केलीस" म्हणाला. मला ते आवडलं, हे कशाला लपवू? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात बसलो असताना बाबा म्हणाले, "ही गाडी मोठ्याची. त्यानं पुण्याला न्यावी. तिकडे हिची कदर होईल."

मला वाटलं दादा निदान माझ्याकडे बघेल. त्यानं बाबांच्या पायांना हात लावला.

बायको ताट घेऊन आत चालली होती, ती वळली. "मामाजी, ह्यायनं दोन वर्सं हाडं झिजवली त्या गाडीत."

बाबा म्हणाले, "मग? तो काय करणार तिचं? ट्रॉली जोडणार?"

वहिनी हसू दाबायला खाली बघायला लागली. ते मला दिसलं.

संध्याकाळी मी दादाला वर्कशॉपमध्ये नेलं. चिरलेल्या चॅनलचा कापलेला तुकडा अजून तिथेच होता. तो दाखवून सगळं सांगितलं: पट्टी, खामगावचा मेकॅनिक, बाबांचं बोलणं. तो ऐकत राहिला. तुकडा हातात घेऊन वळवून पाहिला आणि खाली ठेवला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता हे उकरून काय मिळणार आहे? आई गेली. बाबांचं वय बघ."

"मिळायचं काही नाही. फक्त ती गोष्ट परत कुणी सांगू नका."

"नाही सांगणार," तो म्हणाला.

गाडी पुण्याला गेली. उन्हाळ्याच्या सुमारास दादाचा फोन आला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती ठेवायची होती, आणि तिकडच्या कुणा जाणकारानं चेसिस पाहून सांगितलं होतं की हे मूळचं काम नाही, असं चालणार नाही; गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. "म्हणून आपण तेवढं काढून टाकतोय," दादा म्हणाला. "बंद केलेली बाजू, ती फुली, सगळं."

मला आधी कळलंच नाही. "काढून म्हणजे?"

"कापून. तू मनाला लावून घेऊ नकोस. काम तुझं उत्तमच आहे, ते लोकही म्हणाले. पण ओरिजिनल नाही ना."

"दादा, दार उघडेल."

"अरे, चालवतंय कोण? उभीच तर राहणार आहे."

त्यानं फोटो पाठवले. बॉडी उतरवलेली, चेसिस स्वच्छ टाइलच्या फरशीवर, आणि तिच्या बाजूला आमच्या पट्ट्यांचे तुकडे नीट रचून ठेवलेले. वेल्डिंगचे टाके ओळखू येत होते. बाहेरच्या बाजूचे माझे, आतल्या बाजूचे चाचांचे. चाचांनी फोटो पाहिला, फोन परत दिला, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच कापलं होतं.

प्रदर्शनात गाडीला कप मिळाला. बाबांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि आपल्या खोलीत लावला. मी तो रोज पाहत होतो, कारण बाबांना आंघोळ घालायला, कपडे बदलायला त्या खोलीत मीच जायचो. शेवटच्या वर्षी ते अंथरुणावरच होते. मी त्यांचं सगळं केलं. प्रेमानं केलं असं म्हणणार नाही. करायचं होतं म्हणून केलं, आणि कुठे कमी पडू दिलं नाही. त्यांनी मला कधी बरं म्हटलं नाही. मीही वाट पाहिली नाही. किंवा पाहिली असेल.

बाबा गेले. तेरवीला मोताळ्याच्या घरी सगळे जमले. जेवणं झाल्यावर अंगणात सतरंज्यांवर लोक बसले होते. बाबांच्या कोर्टातले दोघे-तिघे, पुण्याचे पाहुणे, जळगाव जामोदहून आलेली आईची धाकटी बहीण. बाबांच्या आठवणी चालल्या होत्या. कुणीतरी गाडीचा विषय काढला. दादा रंगात आला. बाबा कसे ऐटीत चालवायचे, कोर्टासमोर कशी गर्दी व्हायची. आणि मग म्हणाला, "एकदा तर आईनं दार नीट लावलं नाही आणि वडनेरच्या पुढे—"

लोक आधीच हसायला लागले होते. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

मी म्हटलं, "दार लावलं होतं तिनं."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा नव्हतो, आवाजही मोठा नव्हता. "चेसिस तुटलेली होती. बाबांना त्याच वर्षी कळलं होतं. त्यांनी मला स्वतः सांगितलं. दादालाही माहीत आहे."

दादाचा चेहरा उतरला. कोर्टातले एक जण म्हणाले, "जाऊ द्या हो, आजच्या दिवशी कशाला?" दुसरे म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मी म्हटलं, "आईही गेलेलीच आहे."

मग मावशी बोलली. सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. "सांगितलं होतं तिनं मले," ती म्हणाली. "दवाखान्यात. हात प्लास्टरमधी होता. म्हणे, म्या दार लावलं होतं वं, दोनदा ओढून पाह्यलं होतं. मी म्हटलं, बाई, आता तू नवऱ्याले खोटं पाडतं काय? भल्या माणसाची बदनामी करतं काय? चूप राह्य." तिनं पदर तोंडाला लावला. "मी म्हटलं तिले, चूप राह्य. मग ते चूपच राह्यली."

वहिनी उठून आत गेली. लोक एकेक करून चपला घालायला लागले. मी मावशीजवळ जाऊन बसलो, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

सकाळी जाताना दादा फाटकापाशी म्हणाला, "तेराव्याला बापाची अब्रू काढलीस तू. समाधान झालं?"

मी म्हटलं, "नाही झालं."

ते खरं होतं. त्यानंतर आमचं बोलणं बंद पडलं. नातेवाइकांत बहुतेक त्याच्या बाजूचे आहेत. लग्नकार्यात मला नमस्कार करतात आणि पुढे जातात. मावशीला भेटायला मी दोनदा जळगाव जामोदला जाऊन आलो. ती गाडीचं नाव काढत नाही, आईचंही नाही. पिकाचं विचारते, नातवाचं सांगते.

यंदा उन्हाळ्यात दादाचा फोन आला. इतक्या दिवसांनी. सोसायटीत गाडी ठेवायला जागा नाही, कुणीतरी घ्यायला तयार आहे. "त्याआधी तुला विचारतोय," तो म्हणाला. "तुला हवी असेल तर ने. तशीच ने."

मी वर्कशॉपच्या बाहेर उभा होतो. मागे चाचा एका ट्रॉलीचा हूक तापवत होते. चेसिस पुन्हा उघडता आली असती. पट्ट्या नव्यानं कापता आल्या असत्या, फुली पुन्हा टाकता आली असती. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं. पुन्हा बोटभर बोटभर टाके घालत बसण्याचं मात्र मन झालं नाही.

"नको," मी म्हटलं. "देऊन टाक."

"नक्की?"

"हो."

त्यानं फोन ठेवला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं." थोड्या वेळानं भांडी घासता घासता तिनं विचारलं, "कोणाले देऊन राह्यले ते?"

मी ते विचारलंच नव्हतं.